हे गटार पुढे कुठे जातं?

इंग्लंडात बर्मिंगहॅमला खेटून सँडवेल नावाची पालिका आहे. राउली रेजिस इथल्या आपल्या दाहगृहात, गॅसच्या भट्टीच्या जोडीला, मृतदेह पाण्यात विरघळवणारं यंत्र बसवावं असं तिने ठरवलं. बांधकामाची परवानगी मिळाली, पैशांची तजवीज झाली, आणि २०१७च्या अखेरीस काम अडलं. ते अडवलं त्या भागाचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या सेव्हर्न ट्रेंट या कंपनीने. हे पाणी आमच्या गटारात सोडायला आम्ही संमती देणार नाही, असं तिने कळवलं. अशा पाण्यासाठी या धंद्यात मान्य मानक नाही, आणि लोकांना हे कसं वाटेल त्याचाही विचार करायला हवा, असा एकूण सूर होता.

चर्च गप्प, संसद गप्प, आरोग्य खातं गप्प, आणि माणसाची शेवटची वाट कोणती असावी याचा निकाल गटाराच्या परवान्यावर. हसू यावं अशीच ही गोष्ट आहे. पण त्या नकारात दोन निराळे प्रश्न एकाच कागदावर गुंडाळले गेले होते, आणि ते उलगडून पाहण्यासारखे आहेत. हे पाणी आमच्या प्रक्रिया केंद्राला झेपेल का, हा पहिला. तो मोजून सोडवता येतो आणि तो कंपनीच्याच अखत्यारीतला होता. लोकांना हे रुचेल का, हा दुसरा. तो मोजता येत नाही आणि त्याचं उत्तर देण्याचा अधिकार कुणीही कंपनीला दिलेला नव्हता. तिने पहिला सोडवला नाही आणि दुसऱ्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिली.

आधी यंत्र नीट पाहू. जाड स्टेनलेस स्टीलचं लांबट पात्र, एका टोकाला गोल भक्कम झाकण. देह जाळीच्या तबकावर ठेवून आत सरकवतात. यंत्र वजन घेतं आणि त्या वजनाच्या हिशेबाने पाणी आणि कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आत सोडतं. पाणी सुमारे ९५ टक्के, अल्कली ५ टक्के. मग तापवायचं. साध्या दाबाच्या यंत्रात तापमान ९५ अंशांच्या आसपास राहतं आणि कामाला चौदा ते वीस तास लागतात. दाबाच्या यंत्रात ते १५० अंशांपर्यंत चढवतात, तेव्हा चार ते सहा तासांत उरकतं. प्रथिनांची मोडतोड होऊन अमिनो आम्लं आणि पेप्टाइड होतात, चरबीचा साबण होतो, डीएनए शिल्लक राहत नाही. तपकिरी पाणी उरतं आणि हाडं उरतात, पांढरीशुभ्र आणि हाताने चुरडतील इतकी ठिसूळ. ती वाळवून दळतात आणि रक्षा म्हणून घरच्यांना देतात. भट्टीतल्या रक्षेपेक्षा ती थोडी जास्तच भरते. दातात भरलेला पारा चिमणीवाटे हवेत न जाता हाडांबरोबर मागे राहतो. बसवलेला कृत्रिम गुडघा धुऊन ठेवल्यासारखा बाहेर येतो. पेसमेकरही राहिला तर चालतो. भट्टीत मात्र त्याचा स्फोट होतो म्हणून तो आधी काढावाच लागतो. एक बारीकशी गोष्ट आपल्याकडच्या वाचकाला गंमतीची वाटेल. सुती कापड या पाण्यात विरघळत नाही, कारण ते सेल्युलोजचं. लोकर आणि रेशीम विरघळतात, कारण ती प्रथिनं. म्हणजे आपलं कोरं पांढरं कापड तिथे कामाचं नाही, सोवळ्याचा कद चालेल.

कल्पना नवी नाही. जनावरांची हाडं आणि अवशेष अल्कलीत उकळून त्यातला खतालायक भाग वेगळा करायच्या पद्धतीचं पेटंट एमोस हर्बर्ट हॉब्सन या इंग्रजाने १८८८ सालीच घेतलं होतं. पुढे १९९०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी मेडिकल कॉलेजात पीटर वेबर आणि गॉर्डन के यांच्यापुढे वेगळीच अडचण होती: प्रयोगासाठी किरणोत्सारी द्रव्यं टोचलेले प्राणी मेल्यावर त्यांचं करायचं काय? जाळायचे तर धूर, पुरायचे तर जमीन. त्यातून आजच्या यंत्राचा पूर्वज तयार झाला. मग मॅड काऊ रोगाने मेलेल्या गुरांचा प्रश्न आला. माणसांसाठी कायद्याने वाट मोकळी केली ती मिनेसोटाने, २००३ साली. तिथल्या मेयो क्लिनिकमध्ये देहदानातल्या देहांसाठी हे यंत्र बसलं. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टूटू २०२१च्या डिसेंबरात गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह याच पद्धतीने विसर्जित झाला, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांना ही पद्धत पहिल्यांदा नीट समजावून सांगावी लागली. विक्रेत्यांच्या रंगीत पत्रकांत झरे आणि हिरवी पानं असतात. यंत्राचा जन्म मात्र मर्तिकात झालेला नाही, टाकाऊ मालाच्या विल्हेवाटीत झालेला आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट या यंत्राबद्दल विचारायचे पहिले प्रश्न त्याच खात्यातले आहेत, एवढंच त्यावरून कळतं.

इंग्लंडातली कायद्याची फट मोठी मजेशीर आहे. तिथला दहनाचा कायदा १९०२चा आणि तो जाळण्यापुरता. पाण्यात विरघळवणं त्यात बसत नाही, त्यामुळे ते बेकायदा नाही आणि नियमबद्धही नाही. गॅसच्या भट्टीला चिमणीपासून पाऱ्यापर्यंत सगळे नियम आहेत. २०१२च्या अखेरीपर्यंत देशातल्या निम्म्या दहनांच्या धुरातला पारा अडवायचा असं लक्ष्य ठेवून तिथे गाळण्या बसवल्या गेल्या. या नव्या पात्रासाठी मात्र हातात होता फक्त १९९१चा पाणीउद्योगाचा कायदा आणि त्यातली औद्योगिक सांडपाण्याची संमती, जी लाँड्रीला लागते, दारूच्या भट्टीला लागते. कायदे करणाऱ्यांनी मोकळी सोडलेली खुर्ची शेवटी गटाराच्या अभियंत्याच्या वाट्याला आली.

त्याच देशात दुसऱ्या कंपनीने वेगळं केलं. यॉर्कशायर वॉटरने चाचणीतल्या पाण्याचे नमुने घेऊन तपासले आणि गटारात सोडायला संमती दिली. कायदा एक, रसायन एक, आणि दोन कंपन्यांची दोन उत्तरं. मला यॉर्कशायरचं उत्तर बरोबर वाटतं. ते ‘हो’ होतं म्हणून नव्हे. त्यांनी आपल्या अखत्यारीतला प्रश्न घेतला आणि तेवढ्याचंच उत्तर दिलं म्हणून.

आता तो मोजता येणारा प्रश्न. इथे थोडा हिशेब सोसावा लागेल. पुढचे आकडे मी देहाच्या सर्वसाधारण घडणीवरून ढोबळ मानाने काढले आहेत, कुणा कारखान्याच्या पत्रकातून घेतलेले नाहीत.

साठ किलोच्या देहात दहाएक किलो प्रथिनं आणि दहा-बारा किलो चरबी धरली, तर ती कुजवून संपवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, म्हणजे सांडपाण्याच्या भाषेतला बीओडी, साधारण २५ किलो होतो. पाणी लागतं सव्वा हजार लिटरच्या आसपास. म्हणजे एका लिटरमागे सुमारे २०,००० मिलिग्रॅम. युरोपातल्या नियमांत एका माणसाच्या रोजच्या सांडपाण्याचा बीओडी ६० ग्रॅम धरतात. तेव्हा एका अंत्यसंस्काराचं पाणी म्हणजे चारशे माणसांचं एका दिवसाचं सांडपाणी. आकारमान पाहिलं तर मात्र चित्र उलटं. आपल्याकडे शहरात माणशी १३५ लिटरचा पुरवठा धरतात, त्या हिशेबाने सव्वा हजार लिटर म्हणजे नऊ माणसांचं दिवसाचं पाणी.

नऊ आणि चारशे, या दोन आकड्यांत सगळी मेख आहे. पाण्याने अंत्यसंस्कार म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येणार दुष्काळाचा. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं ते कुणी विसरलेलं नाही, तेव्हा हा प्रश्न साहजिकच आहे. पण खरी काळजी आत किती पाणी जातं याची नाही, बाहेर काय येतं याची आहे. आणि बाहेर येतं ते विष नव्हे. ते अन्न आहे, जिवाणूंसाठी अतिशय सकस अन्न. चांगल्या चालणाऱ्या प्रक्रिया केंद्रातले जिवाणू ते आनंदाने खातील. नदीत सोडलं तरी खातील, फक्त त्या खाण्यात नदीतला प्राणवायू संपेल आणि मासे उलटे होऊन तरंगतील.

म्हणून एकच यंत्र, एकच द्रव, आणि दोन गावांत दोन निराळे परिणाम. लाखोंच्या शहरात चारशे माणसांचं जास्तीचं सांडपाणी कुणाच्या लक्षातही येणार नाही. दोन हजार वस्तीच्या गावाचं छोटं केंद्र घ्या. त्याच्याकडे तासाला पाचेक किलो बीओडी येतो. त्यावर तासाभरात हे २५ किलो ओतले तर त्या केंद्रातले जिवाणू दोन दिवस ताळ्यावर यायचे नाहीत. तेच पाणी टाकीत साठवून, थंड करून, दिवसभरात हळूहळू सोडलं तर त्याच केंद्राला ते बहुधा झेपेल. यंत्र हिरवं की काळं हे यंत्राकडे पाहून सांगता येत नाही, त्याच्यामागची नळी पाहावी लागते.

उत्पादक मात्र ‘आमच्या यंत्राला मान्यता द्या’ असं म्हणतात, आणि सरकारांनाही ते सोयीचं असतं. एकदा शिक्का मारला की काम झालं. यंत्राला मान्यता हवीच, तिच्यावाचून चालणार नाही. १५० अंशांचं दाबपात्र म्हणजे कायद्याच्या नजरेत बॉयलरचा भाऊबंद. झाकणाची खिट्टी, दाबाची झडप, कॉस्टिक हाताळणाऱ्या कामगाराचे हातमोजे आणि चष्मा, हे सगळं कुणीतरी तपासायला हवं. रोगजंतूंचाही मुद्दा आहे. साधे जिवाणू-विषाणू दोन्ही प्रकारांत मरतात. मॅड काऊच्या जातीचे रोग आणणारी प्रथिनं, म्हणजे प्रायॉन, मात्र भलतीच चिवट. युरोपीय संघाने गुरांच्या अवशेषांसाठी ही पद्धत मान्य केली ती १५० अंश आणि चार बार दाबाची अट घालून. कमी तापमानाच्या यंत्राला तीच खात्री फुकट देऊन चालणार नाही. प्रायॉनच्या आजाराने गेलेल्यांसाठी निराळा नियम लागेल. हे सगळं यंत्राच्या मान्यतेत येतं. पण तिच्या भरवशावर नदी वाचत नाही.

सामूची गोष्ट घ्या. यंत्रातून निघालेल्या पाण्याचा सामू अकराच्या वर असतो. अमेरिकेत तो साडेबारा किंवा त्याहून जास्त झाला तर तेच पाणी कायद्याने घातक कचरा ठरतं. भारतात गटारात सोडायच्या पाण्याचा सामू साडेपाच ते नऊच्या दरम्यान हवा. तेव्हा आम्ल घालून किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून तो खाली आणायचा. सोपं वाटतं. पण या पाण्यात साबण आहे, आणि सामू खाली आला की साबण फुटून त्यातली चरबी पुन्हा मोकळी होते. ती थंड गटारात भिंतींना चिकटते. सँडवेलचा नकार आला त्याच वर्षी, २०१७ साली, लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात १३० टन वजनाचा चरबीचा गोळा सापडला होता, अडीचशे मीटर लांब. तो हॉटेलांच्या आणि घरांच्या तेला-तुपाचा होता, मृतांशी त्याचा काही संबंध नव्हता. पण गटारात चरबी काय करते हे कळायला तो पुरेसा आहे. म्हणजे सामूचा नियम पाळायला जावं तर तेल-ग्रीसचा नियम मोडतो. कागदावर दोन्ही रकाने निराळे, पाण्यात मात्र ते एकमेकांना धरून असतात. ज्याने ही मर्यादा ठरवायची त्याला आपल्या पुढच्या नळाचा व्यास, उतार आणि पाण्याचा जडपणा माहीत असायला हवा. दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसून एक आकडा ठरवून हे भागत नाही.

नियम चुकवायची पळवाटही सोपी आहे. आपल्याकडे सार्वजनिक गटारासाठी बीओडीची मर्यादा लिटरला ३५० मिलिग्रॅम. वरच्या हिशेबाने हे पाणी तिच्या पन्नास-साठ पट. ते ३५०वर आणायचा सगळ्यात आळशी उपाय म्हणजे त्यात चांगलं पाणी ओतणं. किती? सुमारे सत्तर हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर, एका देहामागे. नमुना पास होईल, नदीवरचा बोजा एका ग्रॅमनेही कमी होणार नाही. तेव्हा नियम मिलिग्रॅममध्ये न लिहिता दिवसाला किती किलो असा लिहावा आणि पातळ करून सोडायला साफ मनाई असावी.

बोजा कमी करायचा आणखी एक मार्ग रसायनशास्त्रज्ञ सुचवतात. या पाण्यात नत्र आहे, भरपूर पोटॅश आहे, तेव्हा ते शेताला द्या. पाळीव प्राण्यांच्या बाबतीत अमेरिकेत असं होतंही. माणसांच्या बाबतीत ही गोष्ट निघाली की खोलीत शांतता पसरते. ती शांतता मला समजते. तिला अडाणीपणा म्हणून उडवून लावणारे शहाणे मला आवडत नाहीत.

कारण आता आपण त्या दुसऱ्या, न मोजता येणाऱ्या प्रश्नाशी आलो. आपल्या बापाचं पाणी गटारात सोडलं हे ऐकायला कुणालाही कसंसंच होईल. त्यावर ठरलेला युक्तिवाद असा, की भट्टीतसुद्धा देहाचा बहुतेक भाग चिमणीवाटे हवेत जातो आणि शेजारची माणसं तीच हवा श्वासात घेतात; ब्रिटन-अमेरिकेत देह टिकवण्यासाठी रसायन भरतात तेव्हा निघालेलं रक्त वर्षानुवर्षं त्याच गटारात जात आलं आहे. युक्तिवाद खरा आहे आणि तरी तो पुरत नाही. धूर वर जातो, पाणी खाली जातं, आणि माणसाच्या मनात वर आणि खाली यांत फरक असतो. हा फरक विज्ञानाने पुसावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. तो कुठे मांडायचा, एवढाच वाद आहे.

तो मांडायची जागा कायदेमंडळ. तिथे तो मांडला गेला की कधी कधी हसं होतं, कधी उलटंसुलटं होतं, पण उघड्यावर होतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने २००६ साली परवानगी दिली आणि २००८ साली ती काढून घेतली. इंडियानात २०१५ साली विधेयक आलं तेव्हा त्याच्याविरुद्ध हिरिरीने बोलणारे एक प्रतिनिधी शवपेट्यांच्या धंद्यातले होते. लोकांना ते दिसलं, वर्तमानपत्रांत आलं. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी २०२३ साली ही पद्धत देहाच्या आदराला धरून नाही असं स्पष्ट सांगितलं. त्यांचं मत मला पटत नाही. पण ते आदराच्या भाषेत बोलले, बीओडीच्या भाषेत लपून बोलले नाहीत. त्या प्रामाणिकपणाची किंमत गटार कंपनीच्या गुळमुळीत पत्रापेक्षा जास्त आहे.

नेदरलँड्सने यातला सगळ्यात सरळ रस्ता धरला. तिथल्या आरोग्य परिषदेने २०२० साली नव्या पद्धतींबद्दल अहवाल दिला तेव्हा सुरक्षितता, आदर आणि पर्यावरण असे तीन निकष सुटे ठेवले आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणे मत दिलं. पाण्याच्या पद्धतीला अनुकूल. देहाचं खत करण्याच्या पद्धतीबद्दल मात्र माहिती अपुरी. स्कॉटलंडने २०१६च्या दफन-दहनाच्या कायद्यातच नव्या पद्धतींसाठी नियम करायचा अधिकार सरकारकडे राखून ठेवला आणि २०२३ साली लोकांची मतं मागवली. निर्णय काय होतो ते नंतर. कुणी कशाचा निर्णय करायचा ते आधी ठरलं.

हे वेगळं काढणं ब्रिटनला एका हिंदू माणसानेच आधी शिकवलं होतं. न्यूकॅसलच्या दविंदर घई यांना आपलं दहन उघड्या चितेवर व्हावं असं वाटत होतं. पालिकेने नाही म्हटलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१०च्या फेब्रुवारीत अपिलाच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. बाजू खुल्या असलेली, छताला मोकळीक असलेली वास्तूही कायद्याच्या अर्थाने इमारतच, तेव्हा तिच्यात चिता रचायला १९०२चा कायदा आड येत नाही, असं न्यायाधीश म्हणाले. आणि नगररचना, आरोग्य, धूर यांचे प्रश्न पुढे त्या त्या खात्याने त्या त्या नियमांनी पाहावेत म्हणून ते बाजूला ठेवले. श्रद्धेच्या प्रश्नाला धुराच्या प्रश्नात मिसळू दिलं नाही. लेस्टर-लंडनमधल्या मराठी घरांत हा निकाल कौतुकाने बोलला गेला असेल. त्यातली ही विभागणी मला निकालापेक्षाही मोलाची वाटते.

उद्या असं यंत्र घेऊन कुणी पुण्याच्या किंवा नाशिकच्या पालिकेकडे आलं तर? यायला फार वेळ लागेल असं नाही. सरणाला तीनशे किलो लाकूड लागतं, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ सालीच लाकडाला पर्याय शोधा म्हणून सांगितलेलं आहे, आणि दाटीवाटीच्या वस्तीत स्मशानाच्या धुराच्या तक्रारी नित्याच्या आहेत. विद्युतदाहिनी आली तेव्हाही लोक कचरले होते आणि मग रुळले. यंत्राबरोबर ‘शून्य धूर, शून्य लाकूड’ अशी पाटीही येईल. पाटी खोटी नसेल, अपुरी असेल. सव्वा हजार लिटर पाणी २५ अंशांवरून ९५वर न्यायला शंभर युनिटं वीज लागते, आणि आपली वीज अजून बरीचशी कोळशावरची. धूर स्मशानातून निघणार नाही. कोराडीतून किंवा चंद्रपुरातून निघेल.

बाकी रुचण्या-न रुचण्याचा प्रश्न आपल्याकडे वाटतो तितका अवघड जाणार नाही, असा माझा अंदाज आहे. संन्याशाला जलसमाधी आणि तान्ह्या मुलाला भूमी, हे अग्नीचे अपवाद आपणच केलेले आहेत. पारशी समाजाने तर पर्यावरणाचा आणि अंत्यविधीचा संबंध फार कडवटपणे अनुभवला: गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅकने गिधाडं मेली, २००६ साली त्या औषधावर बंदी आली तोवर मुंबईच्या दोख्म्यांवर, म्हणजे देह गिधाडांसाठी ठेवायच्या मनोऱ्यांवर, गिधाडं उरली नव्हती, आणि त्यांच्या जागी सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. रूढी बदलतात, आणि पुष्कळदा आपल्या मनाने नव्हे, भोवतालच्या दबावाने बदलतात.

अवघड आहे ते गटार. आणि इथे आपला जुना कायदा चकित करतो. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या परिशिष्टात सांडपाण्याची सर्वसाधारण मानकं आहेत. गटारासाठी ३५०, नदी-नाल्यासाठी फक्त ३०. त्या गटाराच्या रकान्याला एक तळटीप आहे, आणि तिचा आशय असा: गटारासाठीची सवलत तेव्हाच, जेव्हा ते गटार जैविक प्रक्रियेसह दुय्यम प्रक्रिया करणाऱ्या केंद्राला जाऊन मिळतं. तसं नसेल तर गटारात सोडणं म्हणजे नदीत सोडणंच समजावं. ज्या कुणा अधिकाऱ्याने ही ओळ लिहिली त्याला मी मनोमन नमस्कार करतो. यंत्राकडे पाहू नका, नळी कुठे जाते ते पाहा, हे सगळं त्यात आहे, आणि इंग्लंडला जे २०१७ साली सुचलं नाही ते आहे.

ही तळटीप महाराष्ट्राला लावून पाहावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२च्या यादीत देशातले ३११ नदीपट्टे प्रदूषित होते, त्यांपैकी ५५ आपले, सगळ्या राज्यांत जास्त. याचं मोठं कारण कारखाने नव्हेत, आपल्याच न्हाणीघरांचं आणि संडासांचं पाणी, जे गटारात शिरतं आणि प्रक्रिया न होता नाल्यात उतरतं. अशा गावात या यंत्राची नळी गटाराला जोडली तर कायद्याच्या भाषेत ती नदीतच उघडली, आणि मर्यादा ३५० नव्हे, ३०. नदीत रक्षा सोडायला काचकूच करणारी पालिका देहाचं सगळं पाणी त्याच नदीत सोडेल आणि वर त्याला पर्यावरणपूरक म्हणेल.

इंग्लंडलाही फार मिरवता येणार नाही. तिथल्या कंपन्यांनी २०२३ या एका वर्षात पावसाळी सांडव्यांवाटे एकूण ३६ लाख तासांहून जास्त काळ कच्चं मैलापाणी नद्यांत आणि समुद्रात सोडलं, असं तिथल्याच पर्यावरण संस्थेचे आकडे सांगतात. त्या पार्श्वभूमीवर सव्वा हजार लिटरांचा विटाळ मानणं मजेदारच. पण त्यातून एक कामाची अट निघते: गटार आणि पावसाचं पाणी एकत्र वाहतं तिथे, पाऊस चालू असताना पात्र रिकामं करायचं नाही. आपल्याकडे गटारं निराळी असली तरी जुलैत ती निराळी राहत नाहीत.

तेव्हा प्रदूषण मंडळाने संमतिपत्रात काय मागावं? पात्राइतकीच मोठी साठवण टाकी. सोडायचा वेग, दिवसाच्या किलोंमध्ये बांधलेला. चरबी वेगळी काढायची सोय सामू उतरवल्यानंतर, आधी नव्हे. पातळ करण्यावर बंदी. अतिवृष्टीत टाकीचा नळ बंद. आणि अर्जाच्या पहिल्या पानावर, यंत्राच्या नावाच्याही आधी, एक नकाशा: आमचं गटार कोणत्या केंद्राला जातं, त्या केंद्राची क्षमता किती, आज तिथे येतं किती, आणि गेल्या वर्षभरात ते किती दिवस बंद होतं. हा शेवटचा आकडा अर्जदाराला पालिकेकडून मागावा लागेल आणि पालिकेला तो द्यायला जड जाईल. जाऊ दे.

या अटी घातल्या तर महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत हे यंत्र बसणार नाही. पुण्या-मुंबईच्याही काही भागांत बसणार नाही. तिथे सध्या बसूही नये. गटार केंद्राला जोडलं गेलं की अर्ज पुन्हा करता येतो.